मागच्या दाराची मूठ

“ही न्हवं,” हिंदुराव भोपळे म्हणाले, आणि सांगून आलेलं स्थळ नाकारताना चहाची कपबशी ठेवावी तशी, अजिबात आवाज न करता, त्यांनी ती मूठ माझ्या काउंटरवर ठेवली.

“काका, नीट बघा तरी. कासमभाईंनी मुंबईहून पाठवलीय.”

“बघितली की. काकणभर मोठी हाय.”

मी ड्रॉवरमधून कागद काढून उलगडला. जुन्या गाड्यांच्या पार्टच्या धंद्यातली ही रीत. नमुन्याची वस्तू कागदावर ठेवायची, टोकदार पेन्सिल तिच्या कडेकडेनं फिरवायची आणि त्या रेघेच्या झेरॉक्स गावोगावच्या पार्टवाल्यांना पाठवायच्या. गाडीचं साल माणूस चुकीचं सांगतो, मॉडेलच्या नावाचा तर उच्चारही धड करत नाही. पण कडेची रेघ खोटं बोलत नाही. निदान तेव्हा माझा तसा समज होता.

मुंबईची मूठ मी रेघेवर ठेवली. दोन्ही टोकांना रेघ तिच्याखाली झाकली गेली. मुठीखालच्या पट्टीचंही तेच. वळण तेच, बोटांसाठीची खोलगट जागा तीच, मधोमध बारीकशी धारही तीच. पण काकणभर मोठी.

“इंदूरवाल्यांची पण अशीच निघाली होती,” मी म्हणाले. “ते म्हणाले, ताई, तुमच्या गाडीचं मॉडेल वेगळं असेल, आमचा पीस तुमच्या कागदापेक्षा मोठा आहे.”

“मग बारक्या मॉडेलची बघा.”

“बघतेय हो. लग्न किती जवळ आलं?”

“हळद दळून झालीय,” ते म्हणाले आणि नमुन्याची मूठ रुमालात गुंडाळून खिशात घातली. ती ते दुकानात कधी ठेवू देत नसत. रेघसुद्धा मी त्यांच्यासमोर मारली होती, आणि मारताना ते माझ्या हाताकडे असे बघत होते जसं मी तान्ह्या मुलाची टाळू भरतेय.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आमचे हे जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जाताना त्यांनी मला कोल्हापुरातलं हे दुकान आणि छतापर्यंत लोखंड ठेवलं. कशाला काय म्हणतात ते सांगायचं तेवढं राहून गेलं. मी एकेक डबा उपडा करून, वस्तू हातात घेऊन, दोन एकमेकींशेजारी ठेवून शिकले. तांदूळ निवडणाऱ्या बाईला खडा कळतो, तसा मला हळूहळू पार्ट कळायला लागला. गिऱ्हाइकं आधी हसायची. मग हसू आवरून ‘वैनी, ही कशाची आहे बघा बरं’ म्हणायला लागली.

हिंदूकाका कधी हसले नव्हते. ते एका तंबाखूवाल्या शेटजींचे ड्रायव्हर; शेटजी मूळचे निपाणीचे, बंगला कोल्हापुरात, उद्यमनगरालगत. उभी हयात त्यांनी एकच गाडी चालवली: काळी, लांब नाकाची लँचेस्टर. तशी दुसरी आमच्या भागात कुणी पाहिलेली नव्हती. शेटजी गेले, मुलांना गाडीची अडचण व्हायला लागली. भंगारवाला दारात आला तेव्हा काका गाडीत जाऊन बसले आणि उतरेनात. शेवटी मुलं म्हणाली, तुम्हीच न्या. कसबा बावड्यातल्या घरापुढे पत्र्याची शेड बांधून त्यांनी तिला ठेवली. स्वतःचं घर तेव्हा गळत होतं.

आता त्यांची नात वृषाली, मुलाची मुलगी, सासरी जाणार होती, आणि ती याच गाडीतून जायची होती.

“शेटजींच्या लेकी ह्याच गाडीतनं सासरी गेल्या,” ते सांगत. “दार मी उघडलं, दार मी लावलं. मग माझ्या घरची रिक्षानं धाडू?”

अडचण मागच्या दाराची होती. लग्नासाठी गाडी रंगवायला टाकली. रंगाऱ्यानं मागच्या उजव्या दाराची मूठ काढून डब्यात टाकली आणि त्याच्या बायकोनं डबा भंगारात घातला. शोधत जाईपर्यंत पितळ वितळून गेलं होतं. पुढच्या दारांच्या मुठी किल्लीच्या, वेगळ्या घडणीच्या. त्या जागेवर होत्या, पण नमुना म्हणून उपयोगाच्या नव्हत्या. मागची डावी तेवढी वाचली, कारण ती काकांनी रंगाऱ्याच्या हाती दिलीच नव्हती. स्वतः काढून रुमालात बांधून ठेवली होती.

“आतून उघडतं ना दार?” मी एकदा म्हणाले होते. “जावईबापू आतून उघडून उतरतील.”

“आतनं उघडायला ती काय एस्टी हाय?” काका चिडले होते. “ड्रायव्हरनं उतरायचं, वळसा घालून जायचं आणि बाहेरनं दार उघडायचं. मागं बसलेला माणूस आपल्या हातानं दार उघडून उतरला, तर वैनी, ड्रायव्हर मेला म्हणायचा.”

आणि रुमालातली डावी मूठ? ती त्यांच्या मुलानं, सर्जेरावनं, आणलेली. मूळची डावी फाटकाच्या खांबाला लागून तुटली होती. काका कित्येक महिने दाराला तार बांधून शेटजींसमोर मान खाली घालून फिरत होते. मग सर्जा मुंबईला गेला आणि चोरबाजारातून ही घेऊन आला. त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत तो काविळीनं गेला. वृषाली तेव्हा रांगत होती.

“मी हातात घेतली,” काका दर वेळी सांगत, “आणि म्हटलं, लेका, ह्याला म्हणत्यात वस्तू. विलायतेची ती विलायतेची. साऱ्या गल्लीला दावली. पोरगं उद्यमनगरात भट्टीवर माती थापायचं काम करायचं, पण तेवढी एक पारख त्यानं बापाची घेतली.”

त्या दिवशी ते गेल्यावर मी कासमभाईंना फोन लावला. मूठ परत पाठवतेय म्हणून सांगितलं.

“का? काय झालं?”

“रेघेपेक्षा मोठी आहे.”

पलीकडे त्यांनी दुकानातला रेडिओ बंद केला. मग म्हणाले, “वहिनी, तुमचे साहेब होते तेव्हापासून मी तुमच्या दुकानाला माल देतो. या गाडीची मागची मूठ माझ्या हातून बऱ्याच वेळा गेलीय. सगळ्या एका मापाच्या. लहान मी पाहिलेली नाही.”

“पण नमुना लहान आहे ना.”

“मग कागदाला काय विचारता? दाराला विचारा.”

दुसऱ्या दिवशी मूठ पिशवीत घालून मी लुनावरून बावड्याला गेले. काकांच्या अंगणात मांडव चढत होता. खाटेवर कुरडया वाळत होत्या. वृषालीनं चहा आणला. गोल चेहऱ्याची, जरा धांदरट मुलगी. बशीत अर्धा चहा सांडलेला.

“काकू, आबांना सांगा हो,” ती म्हणाली. “मूठ नसली तर नसू दे. रात्रंदिवस तेच. माझ्यापेक्षा गाडीचंच लग्न आहे असं वाटायला लागलंय.”

“तू आत जा,” काका म्हणाले. “तुझ्या सासूला सांगीन, चहा बशीतनं देती म्हणून.”

ती हसत आत गेली. आम्ही शेडमध्ये गेलो. नव्या रंगात गाडी काळ्या पाण्यासारखी दिसत होती. डावी मूठ काकांनी कालच जागेवर बसवली होती. उजव्या दाराला नुसतं भोक.

“कासमभाईंच्या समाधानासाठी एकदा लावून बघू,” मी म्हणाले.

“बसायची न्हाई.”

बसली. चौकोनी दांडी आत गेली, पट्टी दाराला लागली आणि पट्टीची भोकं दाराच्या भोकांवर अशी आली जशी माहेरी आलेली मुलगी न विचारता आपल्या जागेवर जेवायला बसते. काकांनी स्क्रू पिळले. मूठ फिरवली. खट् करून दार उघडलं.

त्यांनी दोनदा उघडलं, दोनदा लावलं. तोंड असं फुललं की मला वाटलं आता हे मला गूळ-खोबरं देतात. मग हात तसाच मुठीवर ठेवून ते थांबले. अंगठा मुठीच्या टोकावरून फिरला, मागे आला, परत टोकाला गेला.

“मग ती?” ते म्हणाले.

 ते गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी गेले. मीही गेले. त्यांनी स्वतःच स्क्रू सोडवले, मूठ काढली आणि वाकून बघितलं. पट्टीखालच्या जागेला रंगाऱ्यानं हात लावला नव्हता. जुना रंग तसाच होता. उजव्या दाराची भोकं वाटोळी होती. इथली वाटोळी नव्हती. आतल्या अंगानं कानशीनं घासून लांबट केलेली होती, काकडीच्या बीसारखी.

पार्ट दाराला बसवतात. इथं कुणीतरी दार पार्टाला बसवलं होतं.

“मॉडेल वेगळं असेल, काका,” मी म्हणाले. “कधी कधी कंपनी मधेच…”

“वैनी.”



त्यांनी मूठ उलटी करून माझ्या हातात दिली. उलट्या बाजूला, जिथं कुणाचं बोट जात नाही, तिथं मुलामा थोडा उडाला होता आणि खालचं पितळ रवाळ दिसत होतं, रव्याच्या लाडवासारखं. ती मातीच्या साच्याची खूण. उद्यमनगरातल्या कुठल्याही ओतकाम करणाऱ्याला विचारा: पितळ निवताना आकसतं. म्हणून लाकडाचा नमुना मुद्दाम थोडा मोठा करतात. पण तयार वस्तूच मातीत दाबून तिच्यावरून दुसरी ओतली, तर ती सगळी तशीच्या तशी येते, फक्त काकणभर लहान. हे मला ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक असणार, एवढी वर्षं कोल्हापुरात काढल्यावर. पण आम्ही दोघं महिनेच्या महिने नकलेवर रेघ मारून अस्सल वस्तू परत पाठवत बसलो होतो.

काकांनी मूठ परत मागून घेतली. रुमाल शोधला. सापडेना, खांद्यावरच होता.

“तुमची गाडी हाय न्हवं?” ते म्हणाले. “मला मुजावराकडं सोडा.”

दस्तगीर मुजावर म्हणजे सर्जा ज्या भट्टीवर काम करायचा तिथले जुने मोल्डर, मातीचे साचे करणारे. लुनाच्या मागे काका एका हातानं मला न धरता कॅरिअर धरून बसले होते, दुसऱ्या हातात मूठ. सगळ्या रस्त्यात ते एकच वाक्य बोलले: “वैनी, खड्डा.”

भट्टीवर दुपारची सुट्टी होती. मुजावरचाचा काळ्या मातीच्या ढिगाशेजारी पोत्यावर डबा उघडून बसले होते. काकांनी मूठ त्यांच्यापुढे धरली.

चाचांनी हात धोतराला पुसून ती घेतली. बघितली. हसले.

“अजून टिकली की. मुलामा जरा गेलाय.”

“कुणी केली?” काकांनी विचारलं.

“म्हंजे?” चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. “सर्जानं. दुसरं कोण करतंय? तुमास्नी… त्यानं शेवटपर्यंत सांगितलं न्हाई?”

काका मातीच्या ढिगावर बसले. इस्त्रीचा पायजमा घालणारा माणूस, तसाच बसला.

“चोरबाजारातनं आणली म्हणाला.”

“मुलामा द्यायला मुंबईला गेलता, ते खरं,” चाचा म्हणाले. “ओतली हितंच. तुम्ही शेटजींच्या घरी जेवायला गेलासा की उजव्या दाराची मूठ काढून आणायचा, मातीत दाबून ठसा घ्यायचा, आणि तुम्ही हात धुवायच्या आत परत लावून यायचा. एकदा तर असा पळत गेला, एका पायात चप्पल. पयल्या मुठीत हवा राहिली. दुसरीला भेग गेली. एक मला बरी वाटली, तर म्हणाला, चाचा, धार बसली न्हाई, दादांच्या, म्हंजे तुमच्या, अंगठ्याला कळंल. परत मुशीत टाकली.”

“त्या बिघडलेल्या… त्यातली एखादी…”

“आता कुठली? बिघडलेला नग आमच्यात ठेवत न्हाईत, अण्णा. वितळवायचा. त्याचं पंपाचं काहीतरी झालं आसंल, कुणाच्या शेतात पाणी ओढत आसंल.”

काकांनी मान हलवली.

“मी त्याला म्हटलंतं,” चाचा सांगू लागले, “सांग की बापाला. तर म्हणाला, रेडिएटरचं टोपण केलंतं तेव्हा काय झालं बघितलं न्हाईसा? तुम्ही ते पंचगंगेत भिरकावलंतंसा म्हणं. गाडीला हितला माल लागणार न्हाई म्हणालासा.”

“म्हणालो हुतो.”

“म्हणून न्हाई सांगितलं. मग ही तुमास्नी दिली, आणि संध्याकाळी हितं आला तर असा खुशीत! मी म्हटलं, काय रं? म्हणाला, दादा म्हणाले, ह्याला म्हणत्यात वस्तू. गल्लीला दावत फिरत्यात. मी म्हटलं, अरं पण तुला कुठं म्हणाले? त्या विलायतवाल्याला म्हणाले. तर म्हणाला, चाचा, वस्तू माझीच हाय न्हवं? तिला म्हटलं काय आणि मला म्हटलं काय.”

पलीकडे कुणीतरी पंखा सुरू केला, भट्टीतून धुराचा भपका आला आणि आम्हा तिघांनाही डोळे पुसायला निमित्त झालं. चाचांनी डब्यातली अर्धी भाकरी तोडून काकांपुढे धरली. काकांनी ती घेतली. खाल्ली नाही, मांडीवर ठेवून बसले.

परतताना त्यांनी मला नदीच्या पुलाशी थांबवलं. पाण्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता टोपणाबद्दल काही बोलतील.

“वैनी, तो पोरगा रोज संध्याकाळी यायचा,” ते म्हणाले. “नखात काळी माती. मी म्हणायचो, हात धुतल्याबिगर गाडीला शिवायचं न्हाई. तो शिवायचाच न्हाई. लांबनं बघायचा, डाव्या दाराकडं. मला वाटायचं, ह्याला गाडीची हौस हाय.”

मी लुनाचं हॅंडल धरून उभी होते. 

“त्याला कधी म्हटलं न्हाई मी,” ते म्हणाले.

“काय?”

“काईच.”

घरी सोडलं तेव्हा अंगणात मांडवाला आंब्याची पानं बांधणं चाललं होतं. मी हळूच विचारलं, “डाव्या दाराला दुसरी मिळवू का? कासमभाईंकडे एखादी असेल. म्हणजे दोन्ही बाजूंना एकसारख्या होतील.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी काखेला लावून निघाले.

लग्नाला मी गेले. पाठवणीच्या वेळी लँचेस्टर मांडवापुढे आणून उभी केली होती. काका पांढऱ्या गणवेशात होते, शेटजींच्या वेळच्या. गळ्याशी सैल झालेला, पण बटणं चकचकीत. डोक्यावर टोपी. आतल्या बायका रडून मोकळ्या झाल्या होत्या, बाहेरच्या अजून रडत होत्या. वृषाली आईच्या गळ्यात पडली, मग तिला कुणीतरी सोडवलं.

काका आधी उजव्या बाजूला गेले. मुंबईहून आलेली मूठ फिरवली, दार उघडलं, जरा वाकले. नवरदेव आत बसला. दार लावलं. आवाज इतका हळू आला की शेटजी असते तर मान डोलावली असती.

मग पुढून वळसा घालून ते डाव्या दाराशी आले. आणि हात मागे बांधून उभे राहिले.

वृषाली थांबली. सगळे थांबले.

“आबा,” ती हळूच म्हणाली, “दार.”

“तू उघड.”

“मी? तुम्हीच म्हणता ना, ड्रायव्हरनं…”

“उघड म्हणतोय न्हवं.”

नवऱ्याकडची एक बाई शेजारणीला म्हणाली, म्हाताऱ्याचा हात दुखत असेल. वृषालीनं पदर सावरला. हिरव्या चुड्यांचा हात पुढे केला आणि मूठ धरली.

“गरम लागतेय,” ती म्हणाली. गाडी मघापासून उन्हात होती.

“आसू दे,” काका म्हणाले. “जरा वेळ धर तशीच.”

तिला काही कळलं नाही. पण आजोबांचं ऐकायची सवय होती. ती मूठ धरून उभी राहिली. काका टोपी काखेत घेऊन शेजारी उभे होते, तिच्या हाताकडे बघत. मागून कुणीतरी म्हणालं, अहो, मुहूर्त टळेल, बसा आता. त्यांनी वळूनही बघितलं नाही.